काही नाही!

‘काय झाले?’ या प्रश्नास ‘काही नाही’ एवढेच उत्तर देऊन वर्तमानपत्र तोंडापुढे धरणारा कर्ता पुरुष आपणां सर्वांच्या घरी आहे. बहुधा त्या उत्तरात खरोखरच काही नसते. कधी मात्र त्यात सर्व काही असते, आणि नेमके तेव्हाच ओळखण्यास आपण चुकतो. आम्हीही चुकलो, म्हणून हे लिहीत आहोत. आणि ज्यांच्याविषयी लिहीत आहोत त्यांची अनुमती घेऊनच.

आमच्या शाळेत गणित शिकविणारे एक सहकारी आहेत. वर्गात कधी आवाज न चढविणारे हे गृहस्थ एका वर्षी मुलांवर खेकसू लागले. डोकेदुखी, पोटदुखी अशा कारणांनी रजा वाढल्या. तपासावयाच्या वह्या साचल्या. गणेशोत्सवात दरवर्षी हौसेने पेटीवर बसणारे, ‘बोटे दुखतात’ म्हणून घरी राहिले. मुख्याध्यापक या नात्याने आम्ही त्यांस लेखी समज दिली आणि स्नेही या नात्याने उपदेश केला, ‘‘मन घट्ट करा.’’ ते ‘‘हो सर’’ म्हणाले आणि अधिकच मिटले.

पुढे एके दिवशी वहिनी आमच्या घरी आल्या. पहाटे तीनपासून हे जागेच असतात, पेटी पुतण्यास देऊन टाकली, आणि विम्याची कागदपत्रे मला दोनदा समजावून सांगितली, असे त्या म्हणाल्या. आमच्या पोटात गोळा आला.

नैराश्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रडणारे माणूस येते. पुरुषास ‘रडू नये’ हे बालपणीच शिकविलेले. म्हणून त्याचे दुःख पुष्कळदा रागाच्या, अबोल्याच्या, अंगदुखीच्या, मद्याच्या किंवा अतोनात कामाच्या वेषात वावरते. भूक व झोप बिघडणे, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, ‘माझा कुणास उपयोग नाही’ असे उद्गार, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो स्वभाव नव्हे, आजार समजावा. आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरव करणे, हा तर धोक्याचा इशाराच. २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत दर दहांतील सुमारे सात पुरुष होते.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांस फिरावयास नेले. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते बरोबरीने चालताना बोलवते, हा आमचा अनुभव. बराच वेळ गेल्यावर स्पष्टच विचारले, ‘‘जीव द्यावा असे मनात येते काय?’’ असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारणारा भेटला की ओझे हलके होते. ते थांबले. ‘‘सर, हे आजवर कुणी विचारले नव्हते,’’ एवढेच म्हणाले.

त्या रात्री घरच्यांनी त्यांस एकटे ठेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांजबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. थायरॉइडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून आधी रक्ततपासणी झाली. औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागताच ती आपल्या मनाने थांबवू नयेत, असे डॉक्टरांनी बजावले. तो काळ धीराचा असतो. वहिनींनी उपदेश टाळला, वेळेवर जेवण आणि सोबत मात्र टाळली नाही. आम्ही ते समजपत्र मागे घेतले.

ज्यांस डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते. घरच्यांनीही विचारण्यास हरकत नाही.

यंदाच्या गणेशोत्सवात पेटी पुन्हा वाजली. पुतण्याने ती आपण होऊन परत आणून दिली होती. वाचकहो, आज घरी ‘काही नाही’ हे उत्तर मिळाले, तर जरा शेजारी बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.