तीनची रेषा, बोनसची रेषा

परवा रविवारी भाच्याची मॅच बघायला गेले होते. सोबत आमचे काका. काका म्हणजे जुने कबड्डीपटू, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, आणि बास्केटबॉल हा त्यांच्या मते "उंच माणसांनी बुटक्यांना खिजवायला काढलेला खेळ". (काका हा ब्लॉग वाचतात. काका, हे तुम्ही म्हणालात, मी नाही!)

भाचा चौदा वर्षांचा, उंची पाच फूट तीन इंच. त्यानं त्या दिवशी अर्धगोलाच्या बाहेरून अकरा वेळा बॉल टाकला आणि दोनदा तो आत गेला. नवव्यांदा हुकला तेव्हा काकांना राहवेना.

"अगं, हा जवळ जाऊन का टाकत नाही? पाय दुखतात का याचे?"

म्हटलं, "काका, त्या रेषेबाहेरून टाकला की तीन गुण मिळतात. आतून दोनच."

"म्हणजे बोनस."

"हो, बोनसच म्हणा."

"मग त्याच्या अंगावर कुणी का जात नाही? आमच्यात बोनस असा फुकट मिळत नाही हो."

झालं. मॅच राहिली बाजूला आणि हे वाक्य डोक्यात घर करून बसलं.

मी शाळेत बास्केटबॉल खेळत होते तेव्हा, म्हणजे १९८२-८३ साली, आमच्या मैदानावर ही रेषा नव्हतीच. सिमेंटचं कोर्ट, जाळी नसलेली रिंग आणि संध्याकाळी सुटणारा वारा. माझी उंची भाच्यापेक्षाही कमी. त्यामुळे माझं काम एकच, बॉल आणायचा आणि उंच मुलींच्या हातात द्यायचा. लांबून नेम चांगला होता माझा, खोटं कशाला बोलू! पण लांबून टाकला तरी दोन आणि रिंगखालून टाकला तरी दोनच, मग लांबून टाकायला कोण देणार? आंतरराष्ट्रीय नियमांत ही रेषा १९८४ साली आली, रिंगपासून ६.२५ मीटरवर. आमच्या मैदानावर ती रंगवली गेली तेव्हा माझी शाळा संपली होती. थोडक्यात, मी दोन वर्षं आधी जन्मले.

अमेरिकेत ती बरीच आधी आली होती. मूळ खेळ १८९१ सालचा, नाइस्मिथसाहेबांनी हिवाळ्यात पोरांना घरात बसल्याबसल्या काहीतरी हवं म्हणून काढलेला. पुढे सत्तर वर्षं तो उंच माणसांचाच होत गेला. १९६१ साली एब सॅपरस्टीन नावाच्या गृहस्थांनी स्वतःची लीग काढली आणि तिच्यात पंचवीस फुटांवर ही रेषा आखली. सॅपरस्टीन स्वतः जेमतेम सव्वापाच फूट उंच, आमच्या भाच्याएवढे! लीग दोन वर्षंही धड चालली नाही, पण रेषा उरली. १९६७ साली दुसऱ्या एका नव्या लीगनं ती उचलली, आणि त्या लीगचे प्रमुख कोण, तर जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच. हे मला फार आवडतं. याच माणसाला रिंगखाली आवरणं कठीण झालं म्हणून १९५१ साली रिंगसमोरचा पट्टा सहा फुटांचा बारा फूट रुंद केला होता. ज्याच्या उंचीमुळे एकदा मैदान बदललं, त्यानंच पुढे बुटक्यांसाठी दार उघडलं.

एन.बी.ए.नं ती १९७९ साली घेतली. १२ ऑक्टोबरला बॉस्टनच्या ख्रिस फोर्डनं पहिला तीनचा बास्केट केला. लोकांना तो पोरखेळच वाटला असावा, कारण त्या मोसमात एका संघाचे एका मॅचमध्ये सरासरी तीनसुद्धा प्रयत्न नव्हते. आता पस्तिसाच्या वर आहेत. मधे काय झालं? कुणीतरी हिशोब केला. लांबून तीनात एक गेला काय आणि जवळून दोनात एक गेला काय, गुण सारखेच. मग पाच-सात फुटांवरच्या बेतानं खेळायचं सोडून द्या, एक तर रिंगखाली जा नाहीतर रेषेबाहेर या. स्टीफन करीनं २०१५-१६ च्या मोसमात असे ४०२ बास्केट केले आणि जगभरच्या सगळ्या सव्वापाच फुटी पोरांना देव भेटला.

मला स्वतःला करीचा खेळ बघताना रडू यायचं बाकी राहतं. तेव्हा या रेषेनं खेळाचं वाटोळं केलं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण २०१८ सालच्या मे महिन्यातली ती ह्यूस्टनची मॅच आठवते? अंतिम फेरीत जायची सातवी, निर्णायक मॅच, आणि या संघानं रेषेबाहेरून ओळीनं सत्तावीस वेळा हुकवलं. सत्तावीस! तरी टाकतच राहिले, कारण हिशोब तसं सांगत होता. बघताना मला बँकेत बसल्यासारखं वाटत होतं.

आता काकांच्या बोनसकडे येते. कबड्डी फक्त टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगते. पुरुषांच्या मैदानाचा एकेक अर्ध साडेसहा मीटरचा. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे चढाई करणाऱ्यानं पावणेपाच मीटर आत शिरायचं, एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच क्षणी दुसरा पाय हवेत हवा. समोर हाताची साखळी धरून उभे असलेले लोक, आणि याचा एकच पाय जमिनीवर. बरं, गुण मिळाला तरी परतताना पकड झालीच तर तो बादच. खात्यावर एक गुण, पण गडी बाहेर. आणि या गुणावर आपला बाहेर बसलेला भिडू आत येत नाही, त्यासाठी समोरचा गडी मारावाच लागतो. अनुप कुमारला 'बोनस का बादशाह' म्हणायचे ते उगीच नाही.

पण सगळ्यात शहाणी अट पुढेच आहे. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस चालू. पाच उरले की बंद. धोका आहे तोवर बक्षीस, धोका कमी झाला की तेही नाही. ज्यानं कुणी ही अट घातली त्याला माझा नमस्कार.

बास्केटबॉलच्या रेषेला हे भान नाही. एन.बी.ए.त समोरून ती २३ फूट ९ इंचांवर आहे आणि कोपऱ्यात २२ फुटांवर, कारण बाजूला जागाच पुरत नाही. पावणेदोन फूट जवळ, आणि गुण तेवढेच! मग प्रत्येक संघ एक भिडू कोपऱ्यात उभा करून ठेवतो. तो नुसता उभा. काका म्हणाले तसा फुकटचा बोनस. माझं स्पष्ट मत आहे की कोपऱ्यातून दोनच गुण द्यावेत. कमान जिथे बाजूच्या रेषेला भिडते तिथे संपू दे. तीन हवेत तर समोर या, अंगावर माणूस घ्या आणि टाका. बुटक्यांचं काही बिघडत नाही, करी कुठे कोपऱ्यात दडून बसलेला असतो?

असो. एन.बी.ए. माझा ब्लॉग वाचत नाही.

भाच्याचं मात्र मनातून जाईना. त्याचे नऊ हुकले ते डावी-उजवीकडे नव्हते, बहुतेक सगळे रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आले होते. नेम बरोबर, अंतर कमी. घरी येताना रडवेला झाला होता. "मावशी, प्रॅक्टिसला दहात चार-पाच जातात गं माझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सरावाच्या मैदानावर गेलो, तो, मी आणि काका. काकांनी घरून सुतळी आणली होती. तिला किल्ली बांधून ओळंबा केला, भाच्यानं खांबावर चढून तो रिंगच्या मध्यातून सोडला आणि जमिनीवर खूण केली. तिथून टेप लावली. सव्वासहा मीटर! २०१० सालीच ही रेषा ६.७५ वर गेली, इथे जुनीच राहिली आहे. पोरं वर्षभर अर्धा मीटर जवळून शिकतात आणि मॅचला दुसऱ्या मैदानावर जाऊन तोंडघशी पडतात. एका ऑइलपेंटच्या डब्याचं काम, पण ते कुणाचं हे कुणालाच माहीत नाही. विचारलं तर अर्ज करा म्हणाले. केला आहे.

तोवर काकांचं म्हणणं फक्की मारू. सिमेंटवर पोरं घसरतील म्हणून मी नको म्हटलं. शेवटी खडूनं काढली. काका टेपचं टोक खुणेवर धरून उकिडवे बसले, भाचा दुसरं टोक घेऊन कमानीत फिरला आणि मी मागून खडू ओढत गेले. कोपऱ्यापर्यंत आल्यावर काका म्हणाले, "इथे कशाला काढतेस? तुझं मत काय ते ठरलंय ना?"

तरी काढली. संध्याकाळी पाऊस पडला, आज पुन्हा काढायची आहे.