‘हँड’ म्हणजे हात?

इंग्रजीचा श्रीगणेशा करणाऱ्या मुलाला ‘हँड’ म्हणजे ‘हात’ हा अर्थ प्रारंभीच पाठ होतो. एक अर्थ कळला, म्हणजे तो शब्द आपलासा झाला, अशी त्याची समजूत होते. ही समजूत सोयीची खरी. परंतु भाषेच्या अभ्यासास ती बाधक आहे.

इंग्रज माणूस घड्याळाच्या काट्यांनाही ‘हँड’ म्हणतो. हस्ताक्षर, पत्त्यांच्या डावात वाट्यास आलेली पाने, अडलेल्यास केलेले साहाय्य आणि सभागृहातील टाळ्यांचा कडकडाट, या सर्वांसाठी त्याला हाच एक शब्द पुरतो. हे अर्थ परस्परांपासून दूर दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. काटा हाताप्रमाणे वेळ दाखवितो, अक्षर हातातून उमटते, पाने हातात धरतात आणि साहाय्यासाठी हातच पुढे होतो. अर्थांची यादी घोकण्यापेक्षा त्यांतील हा धागा शोधणे अधिक श्रेयस्कर होय.

केवळ शब्दास शब्द ठेवल्याने कसा अनर्थ ओढवतो, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात घोड्याची उंची ‘हँड’ या मापाने मोजतात. पंजाच्या रुंदीवरून आलेले हे माप ४ इंचांचे असते. म्हणजे १५ ‘हँड’ उंचीचा घोडा खांद्यापाशी ५ फूट भरतो. मराठी ‘हात’ मात्र कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे दीड फुटाचा. कोशावर विसंबून एखाद्याने ‘पंधरा हात उंच घोडा’ असे भाषांतर केले, तर तो घोडा साडेबावीस फुटांचा होऊन तबेल्याचे छप्पर फोडील!

ही चूक हसण्यावारी नेता येते. दुसरी एक नेता येत नाही. कारखान्यातील मजुरालाही इंग्रजीत ‘हँड’ म्हणण्याची रीत पडली. मजूर म्हणजे केवळ राबणारा हात. त्याला मन नाही, घर नाही, असा भाव त्या शब्दात नकळत शिरतो. चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराने १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये या रीतीवर नेमके बोट ठेवले. धनिकांना मजुराचे हात हवे असतात, माणूस नको असतो, हा त्याच्या उपरोधाचा आशय आहे.

मराठीतही ‘हातावर पोट असणे’ असा वाक्प्रचार आहे. तेथे मात्र हाताआडून माणूस दिसतो. त्याची भूक आणि त्याची धडपड दिसते. तथापि मराठीने गर्व करू नये. ‘कामाला दहा हात लावले’ असे मराठी माणूसही सहज म्हणून जातो. दोष भाषेचा नव्हे, बोलणाऱ्याच्या दृष्टीचा असतो.

शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. परंतु तो शब्द कोण, कोणाविषयी आणि कोणत्या भावनेने वापरतो, हे कोश सांगत नाही. ते ज्याने ओळखले, त्यालाच शब्द खऱ्या अर्थाने हस्तगत झाला, असे म्हणावे.