वर्षाला दहा सेकंद

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. अंधारात दोन गारगोट्या घासून ठिणगी पाडण्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी खेळला असेल. त्याच जातीच्या स्फटिकाचा बारीक तुकडा (आता तो कारखान्यातच वाढवतात) विजेच्या जोरावर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करत गेले की बरोबर एक उरतो आणि सेकंदकाटा एक घर पुढे पडतो. पावकी-निमकी घोकलेल्या आमच्या पिढीला ही युक्ती मनापासून पटते. महागड्या घड्याळांचे शौकीन मात्र ‘सेलवरचे घड्याळ’ म्हटले की नाक मुरडतात. त्यांचे हे नाक मुरडणे बेताच्या खिशाच्या माणसाच्या चांगलेच पथ्यावर पडलेले आहे.

ही नावड काही पहिल्यापासूनची नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सीको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला ठेवले, तेव्हा सोन्याच्या कवचातल्या त्या घड्याळाची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्यात त्या काळी जपानमध्ये एक लहान मोटार दारात उभी राहत असे. पुढे तंत्र स्वस्त झाले, स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बसले आणि क्वार्ट्झ पदपथावरच्या टोपलीत आले. आपल्याकडे एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळे काढली ती किल्लीची. १९८७ पासून टायटनने क्वार्ट्झ घरोघरी नेले आणि सकाळी दाढी झाल्यावर किल्ली देण्याची सवय हळूहळू सुटली. जी वस्तू सगळ्यांना मिळते तिची प्रतिष्ठा कमी होते, हा बाजाराचा जुनाच न्याय.

जपानी कारखानदारांनी मात्र एक हट्ट सोडला नाही. गारगोटी उष्णतेला हळवी असते. तापमान बदलले की तिची लय किंचित बिघडते. म्हणून साधे क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद पुढे-मागे होते. १९७८ मध्ये सीकोने ‘ट्विन क्वार्ट्झ’ घड्याळांत दुसरा स्फटिक केवळ तापमान ओळखण्यासाठी बसवला. १९८८ मध्ये ‘ग्रँड सीको’ या त्यांच्या मानाच्या नावाखाली पहिले क्वार्ट्झ घड्याळ निघाले आणि १९९३ मध्ये ‘नाइन-एफ’ हे यंत्र आले. त्याच्यासाठी स्फटिक तीन महिने मुरवत ठेवतात. लोणच्यासारखेच म्हणा ना! त्यांतले स्थिर निघतील तेवढेच निवडतात. घड्याळ दिवसातून ५४० वेळा तापमान तपासून स्वतःला सावरते. क्वार्ट्झचे काटे सहसा काडीसारखे हलके असतात, कारण सेलची ताकद तेवढीच. येथे एका सेकंदाला दोन झटके देऊन जाड, जड काटे फिरवले आहेत. सेकंदकाटा खुणेवर पडतो तो न थरथरता. तारीख मध्यरात्री चटकन बदलते. यंत्राचा गाभा बंदिस्त ठेवलेला, म्हणजे सेल बदलताना धूळ आत जायला नको. हे सारे नागानो प्रांतातल्या शिओजिरी येथे माणसे हाताने जुळवतात, आणि हमी काय, तर वर्षाला दहा सेकंदांपेक्षा अधिक फरक नाही. १९९५ मध्ये सिटिझनने ‘द सिटिझन’ काढून वर्षाला पाच सेकंदांची पैज लावली. तुलनेसाठी सांगतो, उत्तम किल्लीचे घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद चुकले तरी त्याचे कौतुक होते.

मी बँकेत असताना सोनेतारण कर्जासाठी आमच्याकडे सराफ येत असे. दागिन्याचे वजन करी, खड्यांचे वजन वजा करी, कस पाही आणि घडणावळीचे मोल शून्य धरी. बाई म्हणत, ‘अहो, नक्षी बघा तरी!’ सराफ बघतसुद्धा नसे. जुन्या वस्तूंचा बाजार असाच असतो. नव्या घड्याळाच्या किमतीत दुकानाची काच, जाहिरात आणि नाव हे सारे येते; एकदा ते मनगटावर चढले की ती घडणावळ गेली. क्वार्ट्झच्या वाट्याला त्यावर आणखी एक वजावट येते, शौकिनांच्या नावडीची. म्हणून नाइन-एफ यंत्राचे चांगल्या अवस्थेतले जुने ग्रँड सीको साधारण नव्याच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळते. आपल्या पैशात ती रक्कम लाखाच्या आगेमागे जाते. तीही ज्यांना जड वाटेल (आणि वाटावी), त्यांच्यासाठी सीकोचेच ‘डोल्चे’ आहे. त्यातली वर्षाला दहा सेकंदांच्या हमीची जुनी घड्याळे त्याहून कितीतरी स्वस्त पडतात. २०१७ मध्ये ग्रँड सीको ही स्वतंत्र नाममुद्रा झाली. त्यापूर्वीच्या तबकडीवर वर ‘सीको’ आणि खाली ‘ग्रँड सीको’ असते. वरच्या त्या एका शब्दासाठी कुणी कमी पैसे मागत असेल तर खुशाल घ्यावे.

जुना माल घ्यायला जपानसारखा देश नाही. तिथे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी १९४९ पासून कायदा आहे. परवाना घ्यावा लागतो, विकणाऱ्याची ओळख पटवावी लागते, नोंदवही ठेवावी लागते. हेतू हा की चोरीचा माल खपू नये. गहाणाची दुकाने, म्हणजे ‘शिचिया’, गल्लोगल्ली दिसतात आणि मुदतीत न सोडवलेला माल तिथे विक्रीला लागतो. टोकियोतली नाकानो ब्रॉडवे ही जुनी बाजार-इमारत घड्याळांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. दुकानदार प्रतवारी लिहितो, ओरखड्यासुद्धा फोटो दाखवतो.

तरी परीक्षा आपली आपण करावी. झाकणावरचा क्रमांक आधी पाहावा. सीकोच्या बहुतेक घड्याळांत त्याचा पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक असतो आणि पुढची खूण महिन्याची. दशक कोणते, ते यंत्राच्या क्रमांकावरून कळते. मग कडा. या घड्याळांची शोभा आरशासारख्या सपाट पृष्ठांत आणि धारदार कडांत असते. विकण्यापूर्वी कुणी झिलई करून कडा गोल केल्या असतील तर ते चकाकणारे घड्याळ सोडून शेजारचे ओरखड्यांचे घ्यावे. पट्ट्याच्या काढलेल्या कड्या सोबत आहेत का, ते विचारावे. आधीच्या मालकाचे मनगट बारीक असेल तर पट्टा आपल्याला पुरत नाही. बंद घड्याळ ‘सेल टाकला की चालेल’ या आश्वासनावर कधीही घेऊ नये. संपलेला सेल आत तसाच राहिला तर पाझरतो आणि खालची तारांची नक्षी खातो.

खरी मेख इथेच आहे आणि ती विक्रेता सांगत नाही. किल्लीच्या घड्याळाचे दाते झिजले तर कुशल कारागीर नवे घडवू शकतो. क्वार्ट्झची चकती जळली आणि कंपनीकडचा साठा संपला असेल, तर जगातल्या कोणत्याही कारागिराचा इलाज चालत नाही. म्हणून १९७०-८०च्या दशकांतली ट्विन क्वार्ट्झ कितीही देखणी असली तरी ती संग्राहकांना लखलाभ असोत. वापरायला घ्यायचे तर नाइन-एफच घ्यावे, त्यातही शक्य तितके अलीकडचे.

आणि गुंतवणूक म्हणून तर मुळीच घेऊ नये. वैयक्तिक कर्जाच्या अर्जात ‘प्रयोजन’ असा एक रकाना असे. त्यात आजारपण, लग्न, घरदुरुस्ती असे काहीबाही लिहिलेले असे. घड्याळ मी कधी वाचले नाही. आता हप्त्यांवर तेही मिळते. मुलांची फी, विमा आणि घरभाडे भागून जे शिलकीत उरते, त्यातून आणि रोख घ्यावे, जकात भरून आणावे आणि नातलगांत किंमत सांगत फिरू नये. वेळ तर मोबाईलवर फुकट दिसते, असे मुले म्हणतील. बरोबरच आहे त्यांचे.

सेल सुमारे तीन वर्षे टिकतो. तो कोपऱ्यावरच्या टपरीत बदलू नये, पाणी आत न जाण्याची तपासणी करणाऱ्याकडेच द्यावे. आणि फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी चावी ओढून तारीख हाताने पुढे न्यावी. दिवसातून ५४० वेळा तापमान तपासणाऱ्या या यंत्राला महिना किती दिवसांचा, हे ठाऊक नसते.