पंप फ्रीजवरून काढा

सोमवारी पहाटे साडेपाचला धुराने जाग आली. खिडकीखाली वॉचमनकाकांची शेकोटी होती. त्यात वाळका पाला, पुठ्ठे आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या. थंडीत पुण्याच्या पहाटेचा धूर वर जात नाही, पहिल्या मजल्यावरच रेंगाळतो. त्यात रविवारच्या लग्नातून आणलेली सर्दी. मला दमा आहे, तेव्हा छातीत काय वाजत होतं ते वेगळं सांगत नाही.

दम्याच्या माणसाची सर्दी नाकात थांबत नाही. श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात, विषाणू ती सूज वाढवतो. म्हणून सूज उतरवणारा रोजचा पंप सर्दीत मुळीच सोडायचा नाही, लगेच आराम देणारा हाताशी ठेवायचा आणि बाहेर पडताना नाकावरून मफलर घ्यायचा. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, काहींना त्यानेच धाप लागते. बोलताना वाक्य पुरं होईना, तर थेट दवाखाना गाठायचा.

शेकोटीचं बोलायला खाली उतरले, तर जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. सोबत नऊ वर्षांची नात, खोकून खोकून डोळे लाल झालेली. तिलाही दमा आहे.

"पंप दिलात का?" मी विचारलं.

"फ्रीजवर ठेवलाय, तिचा हात पोचत नाही तिथे. एवढ्याशा पोरीला सवय लागली म्हणजे? सिरप देतेय की." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरीची जात. शाळेत चारजणींनी बघितलं, तर उद्या लग्नाच्या वेळी हेच निघेल."

मला राग आला, पण आजींचा नाही. त्यांच्या भावाच्या हातात पंप आला तो अगदी शेवटी, त्यामुळे पंप म्हणजे शेवट असं त्यांच्या मनात बसलंय. राग आला तो या भीतीचा. साल्ब्युटामॉलच्या एक चमचा सिरपमध्ये 2 मिलिग्रॅम औषध असतं आणि ते पोटातून सगळ्या अंगभर फिरतं. पंपाच्या एका दाबात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा हिस्सा, आणि तेही थेट छातीत. हात थरथरतात, छाती धडधडते ती सिरपने जास्त. पंपाचं व्यसन लागत नाही. चष्म्याचं लागतं का?

आणि लग्नाचं म्हणाल, तर मीही पंप घेऊनच बोहल्यावर चढले. हे यांना आधीच सांगितलं होतं. लपवलं असतं तर पहिल्याच हिवाळ्यात उघडं पडलं असतं.

शेकोटी पेटवावी लागू नये म्हणून वॉचमनकाकांना जाड ब्लँकेट मिळवून द्यायचं आहे, ते राहूनच गेलं. उद्या बघते.

आजी, तुम्ही दर रविवारी हे सदर वाचता. तेवढा पंप फ्रीजवरून काढा आणि त्याला जोडायच्या स्पेसरसकट तिच्या दप्तरात ठेवा. तिच्या बाईंनाही सांगून ठेवा.