फोन कुणाच्या खिशात?

सरकारी आरोग्यसल्ल्याला संत गोरोबाकाकांच्या तेर गावापर्यंत पोचायला आता रस्ता लागत नाही, रेंज लागते. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोनवरून फुकट सल्ला देणारी केंद्राची ‘किलकारी’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. एकूण ७२ संदेश, तेही बोलके. त्यामुळे वाचता न येणाऱ्या बाईचंही अडत नाही. लोहाच्या गोळ्या, लसी, दवाखान्यातलं बाळंतपण असं सगळं त्यात सांगितलेलं. घोडं पेंड खातं ते फोनच्या मालकीपाशी. आशाताईंकडे नोंदवलेला नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो. तो फोन खिशात घालून रानात गेलेला, आणि अनोळखी नंबर दिसला की ‘कंपनीवाल्यांचा असेल’ म्हणून कट करणारा. दिवाळीनंतर जोडपं ऊसतोडीला गेलं आणि सिम बदललं, की बाईचा सातवा महिना उसाच्या फडात आणि सल्ला बंद नंबरावर. तेव्हा आशाताईंनी नोंद करताना एवढं जरूर विचारावं, की दिवसा फोन कुणाजवळ असतो? आणि दादांनो, ‘किलकारी’चा फोन आला तर कट करू नका. दोन मिनिटं बायकोच्या हातात द्या.