गुलपोशीनंतर मेडिकलच्या मुलांकडे कोण बघतं?

नीटचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत गुलपोशीचे कार्यक्रम सुरू होतात. शाल, ट्रॉफी, मिठाई, चार भाषणं. आम्ही शिक्षक मंडळी त्यात पुढेच असतो. मुलं मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर पोचली की मात्र त्यांची विचारपूस करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वय २६. स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. जळगाव जिल्ह्याच्या, तडवी भिल्ल समाजाच्या, म्हणजे आदिवासीही आणि मुसलमानही. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचे आरोप झाले, अटक झाली. ते खरं-खोटं न्यायालय ठरवील. पण त्रासाची गोष्ट आधीच वरिष्ठांच्या कानावर घातली होती, असं घरच्यांचं म्हणणं होतं. आमचं बोट तिथे आहे.

राज्यातली मेडिकल कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. १९९८ पासूनचं हे विद्यापीठ. डेंटल, नर्सिंग, आयुर्वेद, युनानी सगळं त्यातच. एवढा मोठा पसारा, पण निवासी डॉक्टरचं जग म्हणजे त्याचं एक युनिट. ड्यूटी सिनियर लावतो. ऑपरेशनला हात लावू द्यायचा की नाही, हेही बऱ्याचदा तोच ठरवतो. थिसिसवर सही विभागातलीच. मग तक्रार करायची कुणाकडे? अँटी-रॅगिंग समिती असते, तिचा बोर्डही भिंतीवर असतो. पण अर्ज देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वॉर्डात, त्याच सिनियरसमोर उभं राहायचं असतं. त्यात घरात पहिलीच डॉक्टर होणारी मुलगी असेल तर अब्बा-अम्मींना नाइट ड्यूटी म्हणजे काय, हेही सांगून कळत नाही.

कामाच्या तासांचं बघा. १९९२ च्या केंद्राच्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास म्हटलं होतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने शिफारस केली ती ७४ तासांची, म्हणजे आकडा वाढला! त्याच कार्यदलाच्या सर्वेक्षणात पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं.

पायल यांच्या आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आई राधिका यांच्यासोबत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. यूजीसीचे २०१२ चे समानतेचे नियम कॉलेजांत खरोखर पाळले जावेत, एवढीच मागणी. दोन आया लढल्या. आपल्या किती अंजुमनांनी त्यांना साथ दिली?

विभागाबाहेरचा तक्रार अधिकारी आणि तक्रार केल्यावर युनिट बदलून मिळण्याची सोय विद्यापीठाकडे मागायलाच हवी. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबरही मुलांच्या फोनमध्ये असू द्या. आणि यंदाच्या गुलपोशीआधी मागच्या तीन वर्षांत आपण ज्यांना शाल घातली, त्यांची यादी काढून एकेकाला फोन लावू या.