रजिस्टर कोरे, चार्टवर फ्लुकोनॅझोल

युरीन कल्चरच्या रिपोर्टवर नुसते ‘यीस्ट’ लिहून येते, स्पीशीजचा पत्ता नसतो, आणि रिपोर्ट फाइलला लागेपर्यंत फ्लुकोनॅझोल सुरूही झालेले असते, अशा तक्रारींची पत्रे आमच्याकडे सतत येत आहेत. लिहिणारे बहुतेक आयसीयूतले रेसिडेंट आणि जिल्ह्याच्या गावांतले मायक्रोबायोलॉजिस्ट आहेत. त्यांची तक्रार रास्त आहे. पण दुखणे याहून खोल आहे.

अमेरिकेच्या सीडीसीने जानेवारी २०१५ पासून कॅथेटरजन्य मूत्रसंसर्गाच्या व्याख्येतून कॅन्डिडा वगळला. एनएबीएचसाठी दरमहा आकडे काढताना आपल्याकडची अनेक रुग्णालये हीच व्याख्या वापरतात. म्हणून कॅन्डिडा उगवलेला रुग्ण इन्फेक्शन कंट्रोलच्या रजिस्टरात येत नाही. व्याख्येत खोट नाही; कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीतला कॅन्डिडा बहुधा कॉलनायझेशनच असतो. मग त्याच रुग्णाच्या ड्रग चार्टवर १४ दिवसांचे फ्लुकोनॅझोल कशासाठी? एकाच रुग्णाला रजिस्टरात संसर्ग नाही आणि चार्टवर आहे, हे चालणार नाही. आणि ज्या कॅथेटरमुळे हे घडले, त्याचा जाब कोणताच कागद विचारत नाही. बंडलच्या तक्त्यात ‘कॅथेटरची गरज आहे का?’ यापुढे रोज ‘होय’ अशी खूण होते. खूण करणाऱ्या सिस्टरला तो काढण्याचा अधिकार नाही. ज्यांना आहे, ते तक्ता वाचत नाहीत.

आयडीएसएच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत संदिग्ध काही नाही. लक्षणे नसतील तर औषध नको. अपवाद न्यूट्रोपेनियाचे रुग्ण, १५०० ग्रॅमखालची नवजात बालके आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया होणारे रुग्ण. सोबेल आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या चाचणीत फ्लुकोनॅझोलने लघवी स्वच्छ झाली खरी, पण औषध थांबल्यावर दोन आठवड्यांत प्लासीबोच्या गटाशी फरक उरला नाही. उलट नुसता कॅथेटर काढल्याने अनेकांचा कॅन्डिडा गेला. तरीही आपण गोळी आधी लिहितो आणि फेनिटॉइन, वॉर्फरिन चालू आहे का, हे नंतर पाहतो.

खरा संसर्ग असेल तेव्हा स्पीशीजवाचून उपचार अंधारात होतो. क्रुसेईवर फ्लुकोनॅझोल चालत नाही, ग्लॅब्राटावर भरवसा नाही आणि कॅस्पोफंगिन लघवीत पुरेसे उतरत नाही. ऑरिसला तर डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये सर्वांत गंभीर गटात घातले आहे. तो ‘यीस्ट’ या एका शब्दाखाली वॉर्डभर पसरू देणे अक्षम्य आहे. आयसीयूतल्या रुग्णाला कारण न सापडणारा ताप असेल, तर लघवीतल्या कॅन्डिडावर न थांबता ब्लड कल्चर पाठवलेच पाहिजे.

इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या सदस्यांनो, पुढच्याच बैठकीत ठराव करा. रजिस्टरात एक रकाना वाढवा: यीस्ट उगवले, कॅथेटरचे काय केले? गरज संपलेला कॅथेटर डॉक्टरची वाट न पाहता काढण्याची लेखी मुभा सिस्टरना द्या. लॅबप्रमुखांनो, आयसीयूच्या रिपोर्टवर स्पीशीज लिहा. जमत नसेल तर आयसोलेट मोठ्या केंद्राकडे पाठवा. आणि कन्सल्टंट मित्रांनो, उद्याच्या राउंडला फ्लुकोनॅझोल लिहिण्याआधी चादर बाजूला करून कॅथेटर पाहा. नको असेल, तर तिथेच काढा.